सगळ्यांसमोर काढलेली चूक

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता नाशिकच्या चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घेणार, असं तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं. शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या चुका फार लवकर दिसतात. म्हणून हे आत्ताच लिहिते. यात मी चांगली दिसणार नाही.

इथे सिडनीत, क्वेकर्स हिलला आमची मराठी उपासना महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, भाड्याच्या हॉलमध्ये होते. आम्हाला पाळक नाही. वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये काम करणारा तरुण बायबलवरचा संदेश द्यायचा. त्याचं मराठी तुटकं, पण उभं राहायला तयार असा तो एकटाच. तो नसेल तर उपासना बंद पडेल, हे सगळ्यांना माहीत होतं.

एका रविवारी तो बायबलमधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतल्या गुरुजनांविषयी बोलत होता. एक विद्वान उपदेशक आला आणि त्याने तंबू शिवणाऱ्या नवराबायकोला शिकवलं, असं तो म्हणाला. खरं तर उलट आहे. ज्ञान उपदेशकाचंच अपुरं होतं आणि शिकवलं त्या जोडप्याने. मी जन्मभर इंग्रजी शाळेत शिकवलेली. संदेश संपताच उभी राहिले आणि चूक सांगितली. मग आणखी चार सांगितल्या. मागे कोणीतरी हसलं.

"नो वरीज, आंटी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तुम्हीच द्या संदेश." शेवटच्या गीताआधीच तो निघून गेला.

आक्कांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. आक्का म्हणजे नगरकडच्या एका पाळकांच्या विधवा. इथली बायकांची प्रार्थनासभा चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"त्या जोडप्याने त्याला कुठे शिकवलं गं?"

"घरी नेऊन."

"आणि सभास्थानात, सगळ्यांसमोर?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले.

"तिथे तोंड मिटून बसले. तंबू शिवणाऱ्यांना कळलं ते तुला बी.ए. होऊन कळलं नाही. लाल पेन कधी खाली ठेवतेस की नाही?"

"मग चुकीचं शिकवू द्यायचं का?"

"जेवायला बोलव त्याला."

मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हणाला, "आंटी, चुकांची लिस्ट मेल करा," आणि ठेवून दिला.

मग आक्कांनीच त्याला आपल्या घरी बोलावलं आणि मला बजावलं, "तू मटार सोलायचे. ओठ हलवायचे नाहीत."

मला पाहून तो दारातच थांबला. "या असतील तर मी निघतो."

"ती मटार सोलायला आलीये. तू आत ये."

जेवण झाल्यावर आक्कांनी त्याला बायबलमधला तो भाग मोठ्याने वाचायला लावला. मग पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी तो मध्येच अडला. "ओह. शिकवलं त्या दोघांनी." आक्का नुसतं "हं" म्हणाल्या. बाकीच्या चुकाही त्यांनी तशाच, एकेक प्रश्न विचारून, त्याच्याकडूनच काढून घेतल्या. मी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा त्यांनी नजरेने मिटवलं. त्या दुपारी मला दोघांचाही तिरस्कार वाटला. जे मी आयुष्यभर केलं म्हणत होते, ते शिकवणंच मला येत नव्हतं.

आक्का आता नाहीत. त्यांच्याशी शेवटपर्यंत मी ताठच वागले. त्याची माफी मात्र मागितली. तो "ओके" म्हणाला आणि चहाचा कप घेऊन पलीकडे गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. क्वेकर्स हिलला दर तिसऱ्या रविवारी मराठी उपासना होते, आणि संदेश तोच देतो.