धन्याचं पाणी

आज नातसुनेनं पित्तासाठी धने भिजत घातले. तो गार, हिरवट वास आला आणि मी सणसरच्या सासरघरी, ऐन इंग्रजी अमदानीत जाऊन पोचले.

मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. सातव्या महिन्यात छातीत आग पडू लागली, घशाशी आंबट येऊ लागलं. माझी थोरली बहीण बाळंतपणाआधीच गेली होती. तिचंही दुखणं असंच जळजळीनं सुरू झालं होतं. मी कुणाला बोलले नाही. बोललं तर खरं होईल, असं वाटायचं.

एका दुपारी शेजारच्या हमिदाचाचींनी मला छाती धरून बसलेली पाहिलं.

"काय व्हतंय गं?"

"चाची, मी बी अक्कावानी मरनार हाय."

त्यांनी माझी पावलं दाबून पाहिली. "सूज न्हाय. डोकं दुखतं? डोळ्यांम्होरं अंधारी येती?"

"न्हाय."

"मग त्ये वंगाळ दुखणं न्हाय, पित्त हाय ह्ये." त्या घरी गेल्या आणि स्वतःसाठी रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी खडीसाखर घालून घेऊन आल्या. घोटाघोटानं जळजळ उतरली. भीती उतरली नाही.

"मी जगंन ना?"

"त्ये म्या कसं सांगू? पर रोज येऊन बघीन."

त्या रोज आल्या, रोज पावलं दाबून पाहिली.

मुलगी झाल्यावर सासूबाईंनी सांगितलं, चाचींची एकुलती लेक बाळंतपणातच गेली होती. रोज आमचा उंबरा ओलांडताना त्यांच्या मनात काय होत असेल, ते आता कळतं.