सलाईनवरची मोटार

गाडी सुरू झाली की मिस्त्री आधी तिच्या मागे जात. धुराच्या नळीसमोर उजवा तळहात धरत, मग तो नाकाशी नेऊन डोळे मिटत. स्वयंपाकाच्या वासावरून फोडणीत काय पडले हे सांगणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मिस्त्रींचे तसेच होते, फरक इतकाच की त्यांचा तळहात काळा होई आणि तो पुसायला त्यांच्या खिशात स्वच्छ रुमाल असे. ते नेहमी पांढराशुभ्र पायजमा-सदरा घालून कामाला येत. "कपडे मळले म्हंजे समजून घ्या, मिस्त्रीले बिघाड सापडून नाही राहिला," असे ते सांगत, आणि ते सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नसे. नम्रता हा त्यांचा गुण नव्हता.

तुमसरला बसस्टँडच्या मागे त्यांची टिनाची शेड होती. पण सकाळी सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी कोणी तिथे नेली तर ते बॉनेटला हातही लावत नसत. "दुखनं सकायचं, अन् दाखवाले आनता दुपारी. इथवर येता येता गाडी गरम झाली. आता ते कायले सांगते आपलं दुखनं?" मग ते आदल्या संध्याकाळी गाडीच्या मालकाकडे मुक्कामाला जात आणि बजावत, "मी उठतपर्यंत तिले कोनी हात नका लावजा." गाडी सुरू होईपर्यंत ते चहाला शिवत नसत. यजमानाने कितीही आग्रह केला तरी त्यांचे उत्तर ठरलेले असे: "तिच्या आंधी मी कसा पिऊ, जी?"

त्यांची तपासणी प्रश्नांनी सुरू होई. एका जंगल ठेकेदाराच्या जीपसाठी मी त्यांच्यासोबत एकोडीला गेलो होतो. त्यांनी त्या धिप्पाड गृहस्थाला ओसरीवर उभे केले आणि जीप सकाळी कसा आवाज करते तो काढून दाखवायला सांगितले. ठेकेदार लाजत लाजत घुरघुरले. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "असा नाही करत. आंधी खोकलते, मंग चूप बसते, अन् मंग रडते." मिस्त्रींनी तत्काळ दाराकडे तोंड करून हात जोडले. "बाई, तुमीच सांगा. हे तर झोपून राहत असतीन." पुढची सगळी तपासणी त्या बाईंच्या सांगण्यावरून झाली आणि ठेकेदार दिवसभर कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवेनात.

त्यांचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. गाडी कोणी बिघडवली, असे मालकाने विचारले की ते म्हणत, "गाडीचं इचारा, जी. मानसाचं मले नका इचारू." मला हे वाक्य प्रथम धूर्तपणाचे वाटले होते. चार गिऱ्हाइके राखायची असलेला माणूस असेच बोलणार, असे मी मनात म्हटले होते. त्याचा खरा अर्थ मला सिहोऱ्याला समजला.

सिहोऱ्याला माझ्या मामांची धानाची मिल होती आणि शिक्षण संपल्यावर मी तिथली वरची कामे पाहत असे. मामांकडे एक जुनी काळी मोटार होती आणि ती चालवायला किसन नावाचा ड्रायव्हर होता. माझ्या लहानपणापासून तो तिथे होता. त्या वर्षी दिवाळीनंतर मामांनी मोटारीसाठी मिलच्या भिंतीला लागून नवी शेड बांधली. थंडी वाढली तशी मोटार सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली. त्याचबरोबर पेट्रोलही पूर्वीपेक्षा खूप लागू लागले. या दोन गोष्टी मामांच्या मनात एकत्र आल्या आणि त्यांचा एकच अर्थ निघाला: किसन गाडीकडे लक्ष देत नाही आणि पेट्रोल विकतो. त्यांनी पेट्रोलचा डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. संक्रांतीनंतर कामावर येण्यासाठी दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलणेही करून ठेवले.

किसनला कोणी काही म्हटले नव्हते. पण डबा खोलीत गेला त्या दिवसापासून तो मिलमध्ये पाणी प्यायचा बंद झाला. तहान लागली की घरी जाऊन यायचा. ते माझ्या नजरेला पडत होते. त्याला मी काही विचारले नाही. का विचारले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला स्वतःला अजून देता आलेले नाही.

मामांनी मिस्त्रींना बोलावले ते निदानासाठी नव्हे, साक्षीसाठी. मिस्त्री संध्याकाळी आले आणि मिलच्या ओसरीवर झोपले. पहाटे ते मोटारीपाशी गेले. मामा चावी घेऊन पुढे झाले, तसे मिस्त्री म्हणाले, "तुमी नाही, सेठ. जो रोज चालू करते, त्यालेच करू द्या. किसनभाऊ, रोज करता तसंच करा. मले पाहून शहाने नका होऊ."

किसनने चोक ओढला. मोटार कण्हली आणि थांबली. पुन्हा कण्हली. पुष्कळ वेळाने काळा धूर ओकत ती सुरू झाली. मिस्त्रींनी तळहात धरला, हुंगला आणि पुसला.

"यानंच बिघडवली ना?" मामांनी किसनसमोरच विचारले.

"गाडीचं इचारा, सेठ."

"गाडीचंच इचारून राहिलो. पेट्रोल कुठं जाते? हे गाडीचं हाये का मानसाचं?"

मिस्त्रींनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. "हो," ते म्हणाले, "हे गाडीचंच हाये. दाखवतो."

त्यांनी पिशवीतून दवाखान्यातली सलाईनची रिकामी काचेची बाटली काढली. ती काठोकाठ पेट्रोलने भरली, टाकीची नळी काढून टाकली आणि बाटलीची रबरी नळी बॉनेटखालून कार्बोरेटरला जोडली. किसन चालवायला बसला. त्याच्या शेजारी बसून मिस्त्रींनी बाटली हात लांबवून खिडकीबाहेर उंच धरली. मामा आणि मी मागे बसलो. आम्ही बपेऱ्याच्या रस्त्याने निघालो. रस्त्यावरच्या लोकांना करमणूक झाली. "काय जी, मोटार बिमार पडली का?" एकाने विचारले. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "आता बरं हाये. रातची लय सिरीयस होती." मामा हसले नाहीत. तलावाच्या पाळीशी, म्हणजे मातीच्या बांधाशी, बाटली संपली आणि मोटार थांबली.

"किसनभाऊनं रस्त्यात कोनाले पेट्रोल इकलं का, सेठ?" मिस्त्रींनी मागे न वळता विचारले.

मिस्त्रींनी टाकीची नळी परत जोडली आणि आम्ही मिलवर आलो. तिथे त्यांनी इंजिनावरची हवा गाळणारी पत्र्याची डबी उघडली. तिच्या तळाशी तेल असते आणि धूळ त्यात अडकते. त्या तेलाचे घट्ट पिठले झाले होते. मिलमधून उडणारा धानाचा कोंडा दोन महिने त्यात साचत होता. "हिले हवाच भेटत नोहती," मिस्त्री म्हणाले. "हवा कमी, म्हनून पेट्रोल जादा पेत होती. थंडीत चोक ओढला का अजून पेट्रोल. प्लग वले झाले, मंग पेटन कशी?" डबी धुऊन, नवे तेल घालून त्यांनी बाटली पुन्हा भरली आणि आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला लागलो.

या वेळी तलावाची पाळ आली आणि मागे गेली. पाळीनंतरची धानाची कापलेली शेते गेली. मोटार थांबली तेव्हा मामांनी मागच्या काचेतून पाहिले. पाळ दिसत नव्हती.

"शेड मीच बांधाले लावली होती," मामा हळूच म्हणाले.

"चूक कोनाचीच नाही, सेठ. कोंडा जिथं उडते तिथं जाते. गाडी उद्यापासून आंगनात ठेवजा."

मग मिस्त्री खाली उतरले, माझे दार उघडले आणि म्हणाले, "चला भाऊ, जरा पाय मोकये करू." मला काही कळले नाही, माझे पाय आखडले नव्हते. त्यांनी माझे मनगट धरून मला बांधावरून बरेच दूर नेले, तंबाखू-सुपारीचा खर्रा मळायला घेतला आणि मोटारीकडे पाठ करून उभे राहिले. मी वळून पाहू लागलो तसे ते म्हणाले, "तिकडं नका पाहू. मोठ्या मानसाले बोलाले जागा लागते." मामा आणि किसन आत काय बोलले, किंवा बोलले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मिलवर परतल्यावर मी एवढेच पाहिले की पेट्रोलचा डबा किसनच्या हातात होता आणि तो टाकीत ओतत होता. दुसरा ड्रायव्हर कधी आला नाही.

आपल्याला एखाद्याची बाजू खरी ठरवता येते, तेव्हा ती चार लोकांसमोर ठरवण्याचा मोह किती मोठा असतो, हे मी पुढे स्वतः अनेकदा अनुभवले. मिस्त्रींना स्वतःच्या कानाचा आणि नाकाचा फार अभिमान होता, आणि ते तो कुठेही मिरवत. त्या दिवशी मिरवण्याची सर्वांत मोठी संधी समोर होती, आणि ते शेतात जाऊन उभे राहिले.

ऐंशीचे दशक सरत असताना मिस्त्री छातीच्या दुखण्याने गेले. तेरवीला तुमसरला मांडव पडला. मामा आणि मी पोहोचलो तेव्हा किसन पहाटेपासूनच तिथे असल्याचे समजले. भाताचे घमेले काखेत धरून तो पंगतीत वाढत होता. एका म्हाताऱ्याने त्याला विचारले, "तुमी घरचेच का, बाप्पा?" किसन म्हणाला, "नाही जी," आणि पुढच्या पत्रावळीकडे वळला. तिथे मामा बसले होते. मामांना डॉक्टरांनी भात वर्ज्य केला होता, आणि हे किसनलाही माहीत होते. तो क्षणभर थांबला. मामांनी हात आडवा धरला नाही.