भीती कशाची, ते आधी सांग

सरांचा शेवटचा फोन आला तेव्हा मी इमर्जन्सीत उभ्या उभ्या डबा खात होते. महिना उलटला, तो फोन डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर सरांवरचा रागही जात नाही. "केस सांगतो, ऐक," नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. एकसष्ट वर्षांचा पुरुष, सकाळपासून छातीत जळजळ, काल लग्नात मसालेभात जरा जास्तच झाला, घाम नाही, बीपीची गोळी वेळेवर. थोडक्यात, ॲसिडिटी. "आणि भीती कशाची, सर?" मी विचारलं. ते हसले. "पेशंटला कसलीच नाही." पेशंट ते स्वतःच, हे ओळखून मी म्हटलं, असाल तसे निघा. आंघोळ करून येतो म्हणाले... वाकडच्या चौकात, रिक्षातच, पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, खांद्यावर मान टाकून गेले.

आणि हेच सर! आम्ही विद्यार्थी याच इमर्जन्सीत त्यांना केस सांगायचो ती पाठ केल्यासारखी: वय, राहणार, मूळ गाव, तंबाखू किती वर्षं. पहिल्याच वाक्याला सरांचा हात वर. "वॉर्डात असं सांगा, इथे नको. याच्या जिवाला कशाने धोका आहे, ते आधी." मग ती भीती का वाटते, मग आत्ता काय करायचं. अंदाज चुकला तर चुकला, पण मनात ठेवायचा नाही. एवढं झालं की खाटेशी जाऊन रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला विचारायचं, तुम्हाला कशाची भीती वाटते? त्यासाठी प्रत्येक खाटेजवळ त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला लावली होती. सिस्टर वैतागायच्या, ट्रॉली अडते म्हणून. आम्हालाही ते सरांचं खूळच वाटायचं.

मग एकदा चाकणच्या कंपनीतून एक जण शिफ्ट अर्धी टाकून आला, पाठीत उसण भरली म्हणत. माझ्या बॅचच्या सुहासने उसण म्हणूनच केस सांगितली. सर खुर्चीतल्या बायकोकडे वळले. ती म्हणाली, "ह्ये कधी रजा घेत न्हाईत, साहेब. आज सोताहून घरी आले, म्हून भ्या वाटतंय." सर सुहासला म्हणाले, "हे तुझं पहिलं वाक्य. आता केस पुन्हा सांग." ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. माणूस वाचला, दिवाळीला चिवडा घेऊन आला.

परवा काकू सरांचा स्टेथोस्कोप द्यायला आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच एक खाट रिकामी होती, तिच्याजवळच्या खुर्चीत बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी त्यांना सकाळीच म्हटलं होतं गं, मला भीती वाटतेय, आधी दवाखान्यात चला. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी शेजारीच उभी होते. वाटलं, आता तरी सांगतील..."

सरांनी केस अगदी नीटनेटकी सांगितली होती, फक्त काकूंचं वाक्य तेवढं गाळलं होतं. आमच्यापैकी कुणी असं केलं असतं तर सोलून काढलं असतं त्यांनी.

त्या उठेनात. त्या खुर्चीसमोर उभं राहिलं की तोंडातून एकच प्रश्न निघतो, इतक्या वर्षांची सवय. मी विचारून बसले, "काकू, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"आता कशाचीच नाही," म्हणाल्या.