डोक्याचा फोटो

झोप न येणं हा आजार आहे, हे आमच्या अहमदपुरात कुणी मान्य करत नाही. "दिवसभर काम न्हाई, मग झोप कशी येईल?" एवढ्यावर निदान संपतं. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे काम करतो, असं माझं तरी मत आहे. पण गेली काही वर्षं अंथरुणाला पाठ टेकली की माझं डोकं ताजंतवानं व्हायचं आणि वर्गात मात्र मी खडू हातात धरून पेंगायचो. त्यात डोकंही दुखायला लागलं, म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला.

फोटो स्वच्छ निघाला. "गाठबीठ काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि झोपेचं दुखणं असल्या साध्या फोटोत दिसतही नाही." मग बिघाड कुठं? त्यांनी समजावलं की जुनाट निद्रानाशात मेंदूच्या भागांमधली जोडणी जरा वेगळी चालते, असं संशोधनात आढळतं. जागं ठेवणारा भाग आणि स्वतःशीच विचार करत बसणारा भाग, या दोघांनी रात्री एकमेकांचा नाद सोडायला हवा. काहींच्या डोक्यात ते सोडतच नाहीत. मला लगेच पटलं. आमच्या शाळेतही घंटा झाल्यावर दोन सर गाडीला किल्ली लावून तासभर बोलतच उभे असतात. उपाय म्हणून रोज ठरल्या वेळी उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही आणि झोप आली तरच अंथरुणावर जायचं.

हे घराबाहेर जाता कामा नये, असं बायकोनं बजावलं. लेकीचं लग्न धर्माबादच्या मुलाशी ठरत आलं होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. "बापाच्या डोक्याचा फोटो काढला म्हणल्यावर कोण पोरगी करून घेईल? घराण्यात येड हाय म्हणतील." एवढं बोलून तिनं स्वतःच नायगावच्या बहिणीला फोन लावला आणि कुणाला सांगू नको म्हणून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं मला भेटायला येऊ लागली.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर वैर धरतात. आणि इतक्या लांबून माणूस आल्यावर आजाऱ्यानं धडधाकट दिसणं हाही उद्धटपणाच. येणारा प्रत्येक जण डझनभर केळी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "पडून ऱ्हावा सर, उठू नका." डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलेलं! मी भर दुपारी टक्क डोळ्यांनी पडून राहायचो आणि माझ्या उशाशी बसलेले पाहुणे भिंतीला टेकून घोरायचे. असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

मग एका रविवारी सकाळी मुलाचे वडीलच दारात उभे राहिले. त्यांच्याही हातात केळी. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीचं लग्न मोडू नये म्हणून मी तरतरीत बसलो.

"कसं हाय, सर?"

"एकदम ठणठणीत."

बायको चहा टाकायला आत गेली, तसे ते खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "आडपडदा ठेवू नका. ती मेंदूतली जोडणी काय हाय, नीट सांगा. मलाबी कैक वर्षं झाली, झोप न्हाई. घरात बोललो की म्हणतात, वय झालं."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचा पत्ता घेतला, चहा घेतला आणि जाताना दारातूनच म्हणाले, "पुढल्या आठवड्यात सुपारी फोडू."

मी हुश्श केलं आणि त्यांच्या झोपेचं बायकोला सांगितलं. ती मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. "थांबा. सासराच झोपत न्हाई म्हणता? त्यांच्या घराण्यातच असंल. आधी पोराची चौकशी करा."

मी काही बोलायच्या आत लेक बाहेर आली. "पोरगा लई झोपतो, मम्मी. फोनवर माझं बोलणं चालू असतानाच झोपतो."

"तू फोन करून राहिलीस त्याला?"

"हाव. पप्पांच्या फोटोचं अन् त्या जोडणीचं मीच सांगितलं. लातूरहून आल्या दिवशीच."

बायको मटकन खाली बसली. "अन् मोडलं असतं तर?"

"मोडलं असतं तर रडले असते, मम्मी. पण लपवून लग्न केलं असतं, तर जन्मभर मलाच झोप आली नसती."