धुऱ्यावरचा कुरडू

गाव कोळशाच्या खाणीत गेलं तेव्हा प्रत्येकाने काही ना काही उचलून आणलं. कुणी दाराची चौकट, कुणी छपराचे कवेलू. मी आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुरडूचं बी आणलं. मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत.

धानातला कुरडू वडील तण म्हणून उपटायला लावत. धुऱ्यावरच्याला मात्र हात लावू देत नसत. ते गेल्यावर दर पितृपक्षात आई त्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांची जुडी त्यांच्या पानाशेजारी ठेवायची. आता धुऱ्यावर खाणीच्या मातीचा डोंगर आहे. हे बी वाया गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

म्हणून काम नीट आखलं. नव्या वसाहतीतली जमीन मुरमाड. तलावाचा गाळ आणून घरामागे तीन वाफे केले. बी राखेत कालवून वरच्यावर टाकलं, तळव्याने दाबलं, वाफ्यांत बांबूच्या खुणा रोवल्या. रोपं बोटभर झाली आणि मला कामासाठी गडचिरोलीला जावं लागलं.

परतले तेव्हा वाफे स्वच्छ होते. कडेला उपटलेल्या रोपांचा ढीग. आई खुरपं धूत होती.

"माय, हे काय केलं?"

"निंदलं. किती माजलं होतं वं! बांबूच्या चिपा ठेवल्या बाजूले, चुलीले कामी येतीन."

मी ढिगाकडे बोट दाखवलं. तिने वाकून एक रोप उचललं. खुरपं हातातच राहिलं.

"मले तं मालूम होतं वं," ती म्हणाली. "हाताले कुठी मालूम?"

जन्मभर लोकांच्या धानाच्या बांध्यांत निंदण केलेले हात ते. त्याच हातांनी तिने ढिगातली तरतरीत रोपं निवडून पुन्हा लावली, वर पळसाची पानं झाकली. बहुतेक मेली. एका वाफ्याच्या कोपऱ्यात थोडी जगली.

पितृपक्षात त्यांना तुरे आले. पान वाढून झालं, मी विळा घेऊन मागे निघाले.

"कुठी चालली?"

"तुरे आणाले."

"राहू दे. यंदा नाई तोडत. बी पडू दे."

"अन् बाबाच्या पानाजवळ?"

"काई नाई ठेवत. धुऱ्यावरचं तोडलेलं त्याले कधी आवडलं?"

पानाशेजारची जागा तशीच राहिली. जेवण आटोपल्यावर मी वाफ्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. काटे आईने धरले.