मिस्त्रींचा बैल दहा पावलं चालायचा

मी मिस्त्रींच्या अकरा लाकडी बैलांना हसरी तोंडं काढली. पोरांचा तान्हा पोळा चार दिवसांवर आला होता आणि मी त्रेपन्न वर्षांचा होतो. यातल्या कुठल्याच गोष्टीनं माझा हात आवरला नाही. पोरं बैल ओढणार, तर बैल आनंदी नको का, असा माझा विचार. मिस्त्री चहा पिऊन परतले. अकराही बैल त्यांनी ओळीनं मांडले आणि बराच वेळ पाहत उभे राहिले.

"बैल हासत नाही गा भाऊ," ते म्हणाले. "बैल पाहते. पूस."

ओरडणं त्यांच्यात नव्हतंच. हुडकेश्वरला आमच्या गल्लीच्या टोकाशी त्यांची टिनाची शेड. वर्षभर दारं-खिडक्या, आणि पोळ्याआधीचे दोन महिने फक्त बैल.

मी तिथे पोचलो तो बायकोमुळे. खापरखेड्याला वीज केंद्रात पंचवीस वर्षं मीटरचे काटे पाहिले. मग छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली आणि डॉक्टरांनी लांब रजा घ्यायला लावली. ती रजा मी खुर्चीत घालवली, पंख्याकडे पाहत. कुणी बोललं की रडू यायचं, म्हणून बोलणंच बंद केलं. एक दिवस बायकोनं पुतणीचा चाक निखळलेला बैल माझ्या मांडीवर ठेवला. पंख्याची पाती मोजून झाली असतील तर एवढं मिस्त्रींकडे नेऊन द्या, म्हणाली.

मिस्त्रींनी तो बैल बाजूला ठेवला, दुसराच एक अर्धवट बैल नि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला आणि घासायला सांगितलं. काय झालं, कसं वाटतं, काही विचारलं नाही. मी रोज जायला लागलो. आठ-दहा दिवसांनी न राहवून मीच सांगू लागलो, तर मला मध्येच अडवून म्हणाले, "बोल, पण हात थांबला तुहा." मग घासता घासता बोललो. त्यातच निघालं की शाळेत वहीच्या मागच्या पानांवर मी सारखी चित्रं काढायचो. हे मी घरी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. खरं तर मलाच आठवत नव्हतं.

त्यांची एक खोड होती. कुठलाही बैल देण्याआधी ते स्वतः दोरी धरून त्याला गल्लीत दहा पावलं ओढायचे. सत्तरी उलटलेला माणूस पुढे, खडखडत बैल मागे. लोक हसायचे, त्यांना त्याचं काही नव्हतं. एकदा दोरी त्यांनी माझ्याकडे दिली. समोरच्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. माझे कान तापले, मी भराभरा निघालो आणि चौथ्याच पावलाला बैल उलटला.

"तुले लाज वाटून राहिली, बैलाले नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या चालीनं चाल."

दुसऱ्यांदा दहा पावलं झाली. त्या दुपारी भाजीत मीठ कमी आहे यावरून मी बायकोशी भांडलो. कित्येक महिन्यांतलं ते पहिलं भांडण. ती इतकी खूश झाली की भांडण नीट रंगलंच नाही.

यंदा उन्हाळ्यात मिस्त्रींची नजर गेली. मुलगी त्यांना मौद्याला घेऊन गेली, शेडला कुलूप लागलं. मी तोवर ड्यूटीवर परतलो होतो, पण एका रविवारी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसलो. पुढच्या रविवारीही. या वेळी बायको काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं पाहून मात्र मी घाबरलो. उठलो आणि मागच्या अंगणात सागाचा एक तुकडा घेऊन बसलो. पाच रविवार गेले. पहिल्या कापापासून शेवटच्या रंगापर्यंत तो बैल माझा एकट्याचा होता.

पिशवीत घालून तो मौद्याला नेला. मिस्त्री ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी बैल मांडीवर घेतला. शिंगं चाचपली, पाय चाचपले, मग मानेमागून पाठीवर हात फिरवला. तिथे बोटं काहीतरी शोधत राहिली. कौतुक ऐकायला मी अगदी तयार होतो. ती बोटं वशिंड शोधत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"गाय बरी झाली गा," ते म्हणाले. "आता बैल कर."