बोटीवाले मामंजी

आमचे बोटीवाले मामंजी खाकरायला लागले की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसत. खाकरणं म्हणजे साधंसुधं नव्हे हो. आधी घशात खोलवर कुठंतरी खरवडल्याचा आवाज, मग एक लांबलचक ओढ, मग जरा थांबणं, आणि मग जे काय व्हायचं ते मोरीत. लग्न होऊन मी आर्णीहून यवतमाळला आले, त्या पहिल्याच सकाळी माझ्या हातात चहाचा कप होता आणि हा सोहळा कानावर पडला. चहा तसाच थंड झाला. आता मीच म्हातारी झाले, पण ती सकाळ काही विसरले नाही.

मामंजी म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, सासूबाईंचे भासरे. घर त्यांचंच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. जन्मभर एका कापूस कंपनीत कापूस पारखला, जिनिंगची धूळ खाऊन घसा आणि छाती दोन्ही खराब करून घेतली आणि कंपनीतून मोकळे झाल्यावर भलतंच खूळ डोक्यात घेतलं. मालबोटीनं परदेशी जायचं! मालबोटीवर थोडे उतारूही घेतात म्हणे. ती स्वस्तात नेते आणि बंदराबंदरांत रेंगाळत जाते. कंपनीतल्या जुन्या ओळखीनं त्यांना जागा मिळायची. दिवाळी झाली की ट्रंक घेऊन छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई, आणि पुढं सगळा समुद्र. उन्हाळा संपता संपता परत. गावानं नाव ठेवलं, बोटीवाले.

एवढं जग फिरून माणसानं काहीतरी पाहावं की नाही? ते काही पाहायचेच नाहीत. लोक ओसरीवर जमून विचारायचे, ‘‘पॅरिसले काय पाह्यलं जी?’’ तर म्हणायचे, ‘‘एक मानूस मासे विकून राह्यला होता. त्याचे मासे संपेपावतर बसलो.’’ झालं पॅरिस! एका वर्षी सुवेझचा कालवा बंद होता, म्हणून बोट अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेली. बाकीचे उतारू कप्तानाशी भांडले. मामंजी खूश. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला तेव्हाही त्यांचं भलतंच. ‘‘पाहा,’’ म्हणाले, ‘‘मी पासपोर्ट काढतो, सुया टोचून घेतो, तवा कुठं जातो. अन् यवतमाळ बसल्या जागी जाऊन आलं.’’

बरं, येताना माणूस काय आणील? अत्तर, घड्याळ, निदान एखादा गालिचा. मामंजी साबण आणायचे. नवा नव्हे, वापरलेला! ज्या ज्या लॉजात उतरले तिथली उरलेली साबणाची चकती ओल्या रुमालात बांधून घ्यायची आणि घरी आल्यावर सगळ्या देशांच्या चकत्या एकमेकींवर दाबून मोठा गोळा करायचा. पांढरा, गुलाबी, हिरवा, आणि मधूनमधून कुणाकुणाचे केस. कुणाचे ते देव जाणे. हा गोळा आमच्या न्हाणीत असायचा. मी तो चिमट्यानं उचलून कोनाड्यात ठेवायची, ते पुन्हा घंगाळाजवळ ठेवायचे. ‘‘सूनबाई, पूरं युरोप आहे त्याच्यात,’’ म्हणायचे. मी मनात म्हणे, आहे ना, युरोपची सगळी काख आहे.

एकदा हॉलंडहून चीज आणलं. ते जाळीच्या कपाटात ठेवलं, दुधाशेजारी. दुसऱ्या दिवशी मला वाटलं कपाटामागं उंदीर मेला. मी आणि सासूबाईंनी कपाट ओढलं, मागची भिंत धुतली, फडताळं रिकामी केली, आणि वास काही जाईना. शेवटी मामंजींनीच ते फडकं सोडलं, त्यातला पिवळा तुकडा ज्वारीच्या भाकरीवर ठेवला, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला आणि मिटक्या मारत खाल्ला. माझ्या तोंडून ‘शी!’ निघून गेलं. ते रागावले नाहीत. ‘‘दुधाचंच आहे वं. तुह्या दह्याचा मोठा भाऊ.’’ त्या दिवशी मी दहीसुद्धा खाल्लं नाही.

या सगळ्यात माझ्या सासूबाईंची गंमत वेगळीच. आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर येत नाही. तोंड दाखवत नाही, बोलत नाही, हात लागणं तर दूरच. सासूबाई त्या घरात सून म्हणून आल्या, त्यांचं लेकरू वाढलं, नवरा गेला, केस पिकले, पण मामंजींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. मामंजी जेवता जेवता म्हणायचे, ‘‘सूनबाई, सांग तुह्या सासूले, वरणात मीठ नाही.’’ दाराआडून सासूबाई म्हणायच्या, ‘‘सांग वं त्याईले, मीठ ताटात डाव्या अंगाले वाढलं आहे.’’ दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू यायचं. तरी मी मध्ये उभी राहून दोन्ही निरोप पोहोचवायचे, आणि नाही पोहोचवले तर दोघंही तसेच थांबून राहायचे. आणि ते खाकरणं? ते सासूबाईंसाठी असायचं. मामंजी आत येणार म्हणून वर्दी. ते ऐकलं की सासूबाई पदर ओढून दाराआड व्हायच्या. पण घरात हे कुणी मला समजावून सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तर एका वर्षी मामंजी जर्मनीहून आले ते मुके होऊन आले. म्हणजे बोलायचे, पण खाकरायचे नाहीत. ‘‘हॅम्बुर्गले ट्राममंधी खाकरलो,’’ म्हणाले, ‘‘तं पूरी ट्राम माह्याकडे पाहून राह्यली. तवापासून बंद.’’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पेढे वाटायचेच बाकी होते. सकाळी निवांत चहा प्यायले.

आणि त्याच आठवड्यात ते झालं. सासूबाई डोक्यावरून न्हाऊन अंगणात उन्हाला बसल्या होत्या. केस मोकळे, डोक्यावर पदर नाही. मामंजी ओसरीवरून आत आले, पावलांचाही आवाज नाही, घशाचा तर नाहीच. सासूबाईंनी मान वळवली तर समोर भासरे. त्या अशा दचकून उठल्या, पदर शोधत आत पळाल्या, आणि न्हाणीसमोरच्या ओल्या फरशीवर पाय गेला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. बाहेर आले तर सासूबाई फरशीवर पडलेल्या, आणि तशातही एका हातानं पदर तोंडावर ओढू पाहताहेत. मामंजी दोन हात अंतरावर उभे. हात पुढं केलेले, पण लावता येत नाहीत. नुसते ओरडत होते, ‘‘सूनबाई! अवं सूनबाई, उचल वं तिले!’’

कमरेजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, काही महिने फळीवर उताणं पडून राहायचं, उठायचं नाव नाही. म्हणजे सगळं जागेवरच. माझा नवरा जंगलखात्यात, महिन्यातला बराच काळ दौऱ्यावर. सखूबाई नावाची बाई सकाळ-संध्याकाळ अंग पुसायला यायची. बाकी दिवसभर शौचाचं भांडं उचलणं माझ्याकडे आलं. मला तेव्हा दिवस गेले होते, फोडणीच्या वासानंसुद्धा ओकारी यायची. पहिल्या दिवशी मी भांडं उचललं आणि दारातच ओकले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खाणं सोडलं. ‘‘भूक नाही वं.’’ मग दूध नको. मग पाणीही नुसतं ओठाला लावायच्या. मला कळत होतं. पोटात गेलं नाही की बाहेर यायला नको, कुणाला उचलायला नको. लाजेपायी बाई मरायला निघाली होती. मी हात जोडले, रडले, ओरडले. त्या भिंतीकडे बघत पडून राहायच्या. ओठांना सालं आली. डॉक्टर बघून गेले आणि ओसरीवर मामंजींना सांगून गेले, ‘‘पाणी गेलं नाही तर हाड जुळायची वाट पाहायला बाई राहणार नाही.’’

डॉक्टर गेल्यावर थोड्या वेळानं खोलीच्या दाराशी मामंजी खाकरले. इतके दिवस बंद असलेला सगळा साठा एकदम काढावा तसे खाकरले. मी सासूबाईंच्या तोंडावर पदर ओढला. मामंजी आत आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना त्या खोलीत कधीच पाहिलं नव्हतं.

‘‘सूनबाई,’’ ते भिंतीला म्हणाले, ‘‘सांग तुह्या सासूले. ते पडली माह्यापायी. मी खाकरलो असतो तं पडली नसती. तवा ते भांडं माह्या वाट्याचं आहे. तू अन् सखू उचलून धरजा, चादर आडवी लावजा. भांडं मी नेईन.’’

‘‘अव माय!’’ पदराखालून आवाज आला. ‘‘सांग त्याईले, मले मरू द्या. भासऱ्यानं भांडं उचलावं? किळस कशी येत नाही मानसाले!’’

मी निरोप सांगायला तोंड उघडलं, पण मामंजी थांबले नाहीत. ‘‘सांग तिले, हॅम्बुर्गले माझं पोट बिघडलं. इस्पितळात पडलो. कपडे, बिछाना, समदं खराब. तिथं एक नर्स होती, पयलवानाएवढी. ते माझं समदं काढे, मले पुसे, हात धुवे, अन् तिथंच खिडकीपाशी उभी राहून आपली पावरोटी खाय. मी तिले विचारलं, बाई, तुले किळस नाही येत? ते म्हने, येते. म्हटलं, मग? ते म्हने, मग काय?’’

मामंजींना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि परदेशातली काही गोष्ट सांगितली असेल तर ही एवढीच. ओसरीवरच्या लोकांना माशांवर भागवून त्यांनी ही पोटात ठेवली होती.

पदर हलला. ‘‘सूनबाई,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘थोडं पानी दे.’’

त्या दिवसापासून मामंजी भांडं न्यायला लागले. वरून झाकण, हातात सरळ धरलेलं, अंगणातून मागच्या संडासापर्यंत, भरदिवसा. कुंपणापलीकडच्या बाया पदर तोंडाला लावून बघायच्या. ‘‘बाप्पा! भासरा भावजयीचं भांडं नेते!’’ एकीनं तर तोंडावर विचारलं. मामंजी म्हणाले, ‘‘तुह्या घरी कोनी पडलं तं सांगजो, तिथंही येतो.’’ ती पुन्हा कुंपणाशी आली नाही. मला ओकारी आली की म्हणायचे, ‘‘ओक, ओकून घे आधी. मंग चादर धर.’’ त्या दिवाळीनंतर मालबोट त्यांच्यावाचून गेली.

आता कुणाला वाटेल, यानंतर मला त्यांची किळस यायची थांबली. मुळीच नाही! भांडं धुऊन आले की त्याच युरोपच्या गोळ्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि गोळा तसाच फेसाळलेला ठेवून द्यायचे. खाकरणं तर आता दुप्पट झालं; ओसरीतून सुरू करायचे ते खोलीच्या दारापर्यंत. माझी मुलगी जन्मली ती त्या आवाजाला न घाबरणारी निघाली, एवढाच काय तो फायदा. माणूस चांगला म्हणून त्याचं चीज वास मारायचं थांबत नाही.

सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. आधी भिंतीला धरून, मग अंगणात. खाकरल्याचा आवाज आला की काठी टेकत सावकाश आडोशाला जायच्या, आणि त्या पोहोचेपर्यंत मामंजी बाहेर खाकरतच राहायचे. घाई कुणालाच नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर मामंजींची ट्रंक पुन्हा निघाली. सासूबाईंनी पोहे तळून चिवडा केला, डबा माझ्या हाती दिला. ‘‘सांग त्याईले, छातीले जपा म्हना. थंडी असते म्हनते तिकडे.’’ मामंजी दाराबाहेरून म्हणाले, ‘‘सांग तिले, फरशीवर पानी सांडू देऊ नको.’’

फ्रान्सातल्या मार्सेयला ते वारले. बोटीच्या कंपनीची तार आली, मग बोटीच्या एजंटाकडून निरोप आला की, छातीचं दुखणं होतं, बंदरावरच्या इस्पितळात बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, अंत्यविधी तिकडेच उरकला. माझ्या नवऱ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई सगळं ऐकून घेऊन उठल्या आणि काठी टेकत ओसरीवरच्या मामंजींच्या खोलीत गेल्या. त्या खोलीत त्यांनी उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. मी मागोमाग गेले. त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला आणि जरा वळून दाराकडे, माझ्याकडे तोंड केलं.

‘‘सूनबाई,’’ म्हणाल्या, ‘‘विचार वं त्याईले, तिथं त्याईचं कोनं केलं?’’

त्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. मग मी रिकाम्या खाटेकडे वळले आणि विचारलं.